मागच्या मशीनला फाईल दिसेना

ता. ९, गुरुवार

चिरंजीव धाकट्या,

अनेक आशीर्वाद. पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर तू "सगळं ठीक ना?" विचारतोस, मी "हो" म्हणतो आणि बोलणं तिथंच संपतं. म्हणून लिहायला बसलो. माझं शिक्षण तुला माहीतच आहे, चुका पोटात घाल.

आई बरी आहे. माझा गुडघा आहे तसाच. तुझ्या खोलीची कडी ढिली होती, ती बदललीस का? बदलून घे बाबा, दिवस बरे नाहीत.

गेल्या आठवड्यात कारखान्यात मोठा घोळ झाला. शाळेच्या दारांवर लावायच्या नावाच्या पाट्यांचं काम आलंय. वहिनी पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर अक्षरं मांडून फाईल त्या साठवणीच्या डब्यात ठेवते, तू कपाटावर बसवून दिलेल्या. मागचं कापायचं मशीन तिथूनच ती उचलतं. त्या दिवशी वीज गेली. परत आल्यावर मशीनचा कॉम्प्युटर पासवर्ड मागायला लागला. तू भिंतीवर चिकटवलेला पासवर्ड दादाने घातला, तर म्हणे प्रवेश नाही. वहिनीच्या कॉम्प्युटरवर मात्र सगळं दिसत होतं.

मला तर घामच फुटला. त्याच सकाळी मी डबा ओल्या फडक्याने पुसला होता. कुणाला बोललो नाही, पण सारखा जाऊन हात लावून बघत होतो, तापलाय का म्हणून.

वहिनीने वायर बदलली, डबा बंद करून पुन्हा चालू केला. काही उपयोग नाही. मग फाईल पेनड्राइव्हवर घालून मागे न्यायच्या, ते काम मी अंगावर घेतलं. दादा ओरडला, "बाबा, पळू नका, पडाल! शाळा काही पळून जात नाही." त्यावर तुझी आई म्हणते, "पळू दे त्यांना, तेवढाच गुडघा मोकळा होईल."

शेवटी राहवेना, वहिनीला फडक्याचं सांगून टाकलं. ती पोट धरून हसली. "अहो बाबा, फडक्याने पासवर्ड पुसला जातो होय?" मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

मग तिने डब्यात कुणाकुणाला प्रवेश आहे ती यादी उघडली. म्हणाली, "मशीन भावोजींच्या खात्यावर चालत होतं. आणि ते खातं बंद आहे. कुणी केलं?"

दादा पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मीच. तो भांडून गेला त्या दिवशी. मला काय माहीत मशीन त्याच्यावर चालतंय!"

मशीनचा कॉम्प्युटर आपण कधी बंदच करत नाही, म्हणून इतके दिवस जुनी जोडणी तशीच टिकली. वीज गेली आणि ती तुटली, असं वहिनीने समजावलं.

हे तुला कळवावं की नाही, याचाच घोर होता. तुला लागेल, हे मला कळतं. पण पुढचं कळवायचं तर हे सांगावंच लागतं.

वहिनी म्हणाली, "मशीनला नवीन खातं काढून देते, काही वेळ लागत नाही."

दादा म्हणाला, "ते काढ. पण त्याचंही उघड."

"आता त्याचं काय काम?"

"असू दे. पासवर्ड तोच ठेव, नाहीतर विसरायचा तो."

एवढं बोलून मागे निघून गेला. मशीन सुरू झालं तसं शिट्टी वाजवायला लागला. तू गेल्यापासून मी ती ऐकली नव्हती. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

आता एक ऐक. शाळेची दारावरची मोठी पाटी अजून कापलेली नाही. दादाने ती फाईल तुझ्या खात्यात ठेवलीय. वहिनी म्हणते, तुला तिथूनही उघडता येईल. तिने कापायचं विचारलं की म्हणतो, "थांब, अक्षरांमधलं अंतर बरोबर वाटत नाही." मला तर काही वाकडं दिसत नाही. तो वाट बघतोय, पण तोंडाने कधी म्हणायचा नाही. तूही त्याचाच भाऊ.

तेव्हा लवकर उघडून बघ आणि काय बरं-वाईट वाटेल ते एका ओळीत कळव. मला नको कळवूस, त्याला कळव. शाळा थांबेल रे, माझा जीव थांबत नाही.

तुझी वाट बघणारे,
बाबा