जबल अल लौझवरचा बर्फ

तबूक. जानेवारीतला शुक्रवार, संध्याकाळ.

बोटं अजून बधिर आहेत, तरी लिहितो. सुट्टी म्हणून इथल्या कामगार-कॅम्पातले आम्ही चौघं जबल अल लौझ डोंगरावर गेलो. एरवी नुसता तपकिरी खडक. आज माथा पांढराशुभ्र! वाळवंटात! गाडीतून उतरलो आणि तिथेच बघत उभे राहिलो. ड्रायव्हर दोनदा "यल्ला, चलो" म्हणाला, तरी कुणी हलेना.

मी मूठभर बर्फ उचलला आणि आधी काय केलं? वास घेतला. हर्णैच्या जेटीवर वाढलेल्या माणसाला बर्फ म्हणजे मासळीचा. याला वासच नाही. आत्ता लिहितानाही हात हुंगला. नाहीच.

तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. लाद्या फोडून होड्यांत बर्फ भरण्यात त्यांचा जन्म गेला. फोन फिरवून सगळा डोंगर दाखवला. बाबा बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "एवढा बारीक फोडलान कोणी रे?"

"कोणी नाही, बाबा. वरून असाच पडतो."

फोनवर डोंगर समोर होता, पण बाबा खाली मान घालून आपले दोन्ही तळवे बघत बसले.