टाचेचं डोलणं

शुक्रवार, श्रावण. संध्याकाळ.

अन्याय नोंदवून ठेवतो: प्लास्टर निघालं, तरी चपलेचा अंगठा माझ्या अंगठ्याला ओळख देत नाही. बालाघाटच्या डॉक्टरीणबाईंनी पायाच्या अंगठ्यानं हवेत बाराखडी गिरवायला सांगितलीय. 'क' काढला, तोच बायको हसली, "अवो, गुडघा काहून हालवून राह्यले? घोट्यातून फिरवा!"

तिनं स्वतःचा पाय पुढं केला. दिवसभर धानाचा रोवणा करत, चिखलात रोपं लावत मागं मागं सरकून आलेला. पाऊल घोट्यातून वर-खाली झालं. मग घोट्याखालच्या सांध्यातून टाच आत-बाहेर कलली, पाण्यावर होडी डोलावी तशी. पाहतच राहिलो. शेताच्या निसरड्या धुऱ्यावर, त्या अरुंद बांधावर, तिला तोलून धरतं ते हेच डोलणं?

याच डोलत्या चालीवरून मी तिला चारचौघांत बदक म्हणालो होतो. केवढे हसले लोक! तेव्हापासून ती धुऱ्यावर माझ्या मागून चालते. मी विनोदी लेखक ना.

तिची टाच तळहातावर घेतली. डोलतच होती.

"पाय बरा झाला की धुऱ्यावर तू पुढं चाल. मी पाहून पाहून येतो."

"बदकाच्या मागं?"

टाच थांबली.

"हौ. चुकलंच माझं."

थोड्या वेळानं टाच पुन्हा सावकाश कलू लागली.