सरावाच्या गावातली माणसं

रविवार, २ तारीख

पोचलो, आणि आल्या आल्याच मन खूश झालं. स्वतंत्र खोली, खिडकी उत्तरेची, म्हणजे रंग तपासायला दिवसभर एकसारखा उजेड. आजवर कापडदुकानांसाठी पुतळे बनवले. तिथे लोक अंगावरच्या कपड्याचं कौतुक करतात, पुतळ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. इथे उलटं आहे. लष्कराच्या छावणीला लागून एक खोटं गाव उभारलंय: गल्ल्या, दुमजली घरं, दवाखाना, शिंप्याचं दुकान, भोवती उंच भिंत. शहरात बंडखोर घराघरांत घुसून बसलेत. त्यांच्याशी गल्लीबोळात कसं लढायचं ते शिपाई इथे शिकतात. त्यासाठी पुतळे लागतात, काही बंदूकवाले, काही साधे. साधे म्हणजे तिथे नुसते राहणारे लोक. ते माझ्याकडे.

आधीच्या माणसाचं काम पाहिलं. सगळ्या बायकांना एकच चेहरा, आणि तोही पुरुषाचा! मी कुठल्या कलाशाळेची पायरी चढलेलो नाही. पण जबडा कानाखाली कुठे वळतो हे मला कुणी शिकवायला नको.

स्टोअरवाला गमत्या आहे. लगेच मला डॉक्टर म्हणायला लागला. शहराकडून मधूनच घरघर येते, वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवावं तशी. सवय होईल म्हणाला.

गुरुवार, ६

उस्तादांचा सराव पाहिला. उस्ताद म्हणजे शिपायांना शिकवणारे. केस पिकलेले, बोलणं मोजकं. गोळ्या रबरी असतात, पुतळ्याला खळगा पडतो. ज्याच्या गोळीने साधा पुतळा पडेल त्याने तो खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारायची, मग माझ्या कारखान्यात आणायचा आणि मी खळगा बुजवेपर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून बसायचं. हा उस्तादांचा स्वतःचा नियम. वजन माणसाइतकंच हवं हाही त्यांचाच हट्ट, म्हणून मी आत वाळू भरतो.

आज एक दांडगा शिपाई म्हातारीला घेऊन धापा टाकत आला. स्टोअरवाल्याने विचारलं, काय रे, सासूबाई का? सगळे हसले. तो हसला नाही. तिच्या कपाळावरची बट त्याने बोटाने बाजूला केली. माझ्या कामाला याहून मोठी पावती नको.

सोमवार, १०

मागची गल्ली अजून सरावात घेतलेली नाही. तिथले पुतळे डागडुजीला काढायचे होते. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत, कोपऱ्यात, एक म्हातारा खुर्चीत बसलेला. मी दारातच थांबलो. हाताच्या पाठीवरच्या शिरा, गळ्याची सैल कातडी, खालच्या ओठाचं किंचित लोंबणं, काय काम होतं! आधीच्या माणसाची ही ताकद नव्हे. म्हणजे माझंच असणार. पहिल्या दिवसांत झपाटल्यासारखा राबलो, त्यात केलेलं विसरलो असेन.

हातात प्लास्टरने माखलेले हातमोजे होते तरी त्याची कॉलर नीट केली, ब्रशने खांद्यावरची धूळ झाडली. एकच खोट निघाली: डोळ्यांवरचं वॉर्निश अजून ओलं होतं. एवढ्या दिवसांत वाळायला हवं होतं.

मंगळवार, ११

आज सगळं बदललं. शहरात एका घरातून बायका-मुलं बाहेर येत होती, त्यांच्या आडून बंडखोरांनी गोळ्या झाडल्या. आपले चार शिपाई गेले. चौघंही उस्तादांनी शिकवलेले. वरून हुकूम आला: शहरावर गेल्या आठवड्यातच पत्रकं टाकली आहेत, दक्षिणेच्या रस्त्याने निघून जा म्हणून. यानंतर जो मागे राहिला तो त्यांचाच धरायचा. साधा पुतळा पडला तरी यापुढे फेरी नाही. शुक्रवारी सकाळी खऱ्या गोळ्या आणि बॉम्ब घेऊन सगळ्या गल्ल्यांत सराव, शनिवारी ही तुकडी शहरात जाणार. तोवर कुणाला रजा नाही. फोनही जमा करून घेतले.

मी उस्तादांना विचारलं, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर ती माणसं निघणार कशी? ते पाठमोरे होते. तुम्ही प्लास्टर बघा, म्हणाले. मग म्हणाले की त्या चौघांतल्या एकाने गोळी झाडायला उशीर केला. पुढे मुलं दिसली म्हणून. आणि उशीर करायला त्यांनीच शिकवलं होतं.

बुधवार, १२

खऱ्या गोळ्यांपुढे माझा म्हातारा टिकणार नाही. एवढं चांगलं काम फुकट का जाऊ द्यायचं, म्हणून तो उचलून आणायला गेलो. हातमोजे नव्हते. त्याच्या काखेत हात घातले आणि —

ऊब होती.

वाळूही नव्हती. हलका, हाडं लागतील असा.

मी किंचाळलो असेन. कपाटामागून एक बाई आली, हात जोडून. पाठोपाठ लहान मुलगी, नाक गळतंय, फ्रॉकला एकच बटण. बाई म्हणाली, भाऊ, ओरडू नका. म्हातारे तिचे सासरे. पत्रक मिळाल्याबरोबर निघाले होते. दक्षिणेच्या रस्त्यावर बंडखोरांनी अडवून परत पिटाळलं, तुम्ही गेलात तर आमच्यावर बॉम्ब पडतील म्हणाले. मग तिचा नवरा हात वर करून, ओरडत ओरडत लष्कराच्या चौकीकडे गेला. ती गच्चीवरून बघत होती. तो चौकीपर्यंत पोचलाच नाही. रविवारी पहाटे हे तिघं सांडपाण्याच्या पाइपातून इथे आले. शहरातला गोळीबार थांबला की त्या वाटेने परत जाणार होते, पण सोमवारी तोंडाशी जाळी बसवली.

इथेच का, विचारलं. म्हणाली, लष्कर स्वतःच्या गावावर कशाला गोळ्या झाडेल?

म्हातारे पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, ब्रश तेवढा परत फिरवू नका, शिंक दाबता दाबता जीव जायची वेळ आली होती. मुलगी खुदकन हसली. मला हसू आलं नाही. जिवंत माणसाला मी आपलं काम समजलो.

गुरुवार, १३

सकाळी उस्तादांकडे गेलो. समजा म्हटलं, या गावात खरी माणसं निघाली तर. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, काही माहीत असेल तर मला सांगू नका. सांगितलंत की मला वर कळवावं लागेल, ते चौकशीला नेतील, आणि चौकशीला नेलेला कुणी परत आलेला त्यांनी पाहिलेला नाही. मग म्हणाले, मोडके पुतळे आजच बाहेर काढा. ताडपत्री टाकून. एवढं बोलून ते नकाशा बघायला लागले. नकाशा उलटा होता.

दुपारी हातगाडी घेऊन आत गेलो. म्हाताऱ्यांना जिन्यावरून उतरवायला वेळ लागला. तिघांना पुतळ्यांसारखं आडवं केलं, वर ताडपत्री. गावाच्या एकुलत्या फाटकाशी आलो तर बाहेरून साखळी. उद्याची तयारी म्हणून लवकर बंद केलंय. मी ओरडलो, माझं काम सांगितलं. मैदानापलीकडच्या पहारेकऱ्याने गोळी झाडली. भिंतीचा टवका माझ्या गालाला लागला.

परत वर आलो. स्टोअरवाल्याला वाटत असेल डॉक्टर खोलीत झोपलेत.

वही खिशात आहे, म्हणून लिहितोय. 

शुक्रवार, १४

उजाडलं. शिट्टी झाली.

पहिली गल्ली. आधी बॉम्ब, मग गोळ्या, मग पुढचं घर. सगळ्यांना सारखंच.

खिडकीतून चादर हलवावी म्हटलं. बाईने हात धरला. मलाही आठवलं, स्टोअरवाला सांगत होता, त्या चौघांवर गोळ्या झाडल्या तेव्हाही पुढे पांढरी चादर होती. आता चादर दिसली की आधी गोळी.

दुसरी गल्ली. प्लास्टर फुटतं त्याचा आवाज वेगळा, मला कळतो. दवाखान्यातली नर्स. तिच्या भुवयांना तीन दिवस लागले होते —

उस्तादांचा आवाज! सावकाश, बघून, बघून, असं ओरडतायत. कुणी ऐकत नाही. किंवा ऐकूच जात नसेल —

आमची गल्ली.

म्हातारे सुनेला म्हणतात, मला पुढे बसव, खुर्ची दाराकडे कर. ती नाही म्हणते. ते तिला ओरडतात, तोंडातल्या तोंडात.

दारात मी उभा राहणार. माझा आवाज उस्ताद ओळखतील. ओळखायला हवा.

खालचं दुकान गेलं. धूर. मुलगी खोकते, तिच्या तोंडावर —

काय ओरडायचं ते बाईला विचारलं. म्हणाली, काहीही ओरडा भाऊ, हिच्या बाबांनीसुद्धा चौकीकडे जाताना सगळं नीट सांगितलं होतं, नाव, पत्ता, मुलगी किती वर्षांची —

जिन्यावर बूट

वही मुलीच्या फ्रॉकमध्ये खुपस