तेवीस नंबरची पत्रं

५ जानेवारी २००४, सोमवार
पोचलो एकदाचा नाशकात! सकाळच्या सटाणा गाडीने आलो. सोबत एक वळकटी, आईने विणलेला तपकिरी स्वेटर आणि ही कोरी डायरी. कॅनडा कॉर्नरपासून पाच मिनिटांवर, खोक्यांच्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्या. पुढच्या खोलीत सल्ला केंद्र, मागच्या खोलीत मी. भाडं नाही, वर पगार!

केंद्र म्हणजे सिंधुबाई, एक कॉम्प्युटर आणि किंचाळत लागणारं इंटरनेट. बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या, मग समुपदेशन शिकल्या. घरातली भांडणं, कुणाचं माणूस गेलेलं, मोडलेलं लग्न, सगळं लोक ईमेलने लिहितात. स्क्रीनमुळे बाईंचे डोळे दुखतात. लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, ते मी आपल्या लिपीत कागदावर उतरवायचं. बाई पेन्सिलीने उत्तर लिहिणार, ते मी पुन्हा इंग्रजी अक्षरांत टाईप करून पाठवायचं. नाव कुणाचंच नाही, फक्त नंबर. बाई म्हणाल्या, जे बोटांतून जाईल ते डोक्यात थांबता कामा नये. मी म्हटलं, माझ्या डोक्यात काही थांबत असतं तर एस.वाय.ला कॉलेज सुटलं असतं का? खळखळून हसल्या.

७ जानेवारी, बुधवार
काय एकेक माणसं! चार नंबरचे काका शेजारच्या खोलीतल्या भावाशी अकरा वर्षं बोललेले नाहीत. अकरा नंबरच्या बाईला सासू गेल्यावर करमतच नाही, आणि त्याचीच लाज वाटते.

दुपारी तेवीस नंबर. ‘नांदगावला बाबांचं घड्याळांचं दुकान होतं. ते गेले, दुकान विकलं, आम्ही मायलेकी नाशकात काकांकडे आलो. इथे स्वतःच्या घरात पाहुणी असल्यासारखं वाटतं.’

नांदगाव, घड्याळांचं दुकान, नाशकातले काका. ही तर कॉलेजातली सरिता!

माझी सरिता. म्हणजे तिने तसं कधी म्हटलेलं नाही. राजूने तिची प्रॅक्टिकलची वही घेतली, दोघं वहीवर डोकं घालून हसत होते, म्हणून मी त्याला हॉकी स्टिकने बडवला. कॉलेज त्यापायीच सुटलं. तेव्हापासून तिने माझं तोंड बघितलेलं नाही. आणि आता तिचं मन रोज माझ्या बोटांतून जाणार!

८ जानेवारी, गुरुवार
तेवीस नंबरचं दुसरं पत्र. रोज साडेपाचला समोरच्या इस्त्रीच्या गाडीपाशी एक जण उभा राहतो. काही बोलत नाही, नुसता खिडकीकडे बघतो. पंधरा दिवस झाले. भीती वाटते.

कोण हा? कोणाची एवढी हिंमत? अंगाची लाही लाही झाली. राजूच असणार. बाईंनी लिहिलं, काकांना सांगा, एकट्या बाहेर पडू नका. अक्षरन् अक्षर टाईप केलं आणि थेट गंगापूर रोडला, तिच्या काकांच्या गल्लीत. पत्ता कॉलेजपासून पाठ आहे. इस्त्रीच्या गाडीपाशी सहापर्यंत उभा राहिलो. चिटपाखरू नाही. रागाने गाडीवर एक गुद्दा हाणला.

९ जानेवारी, शुक्रवार
‘तो कालही आला होता. तपकिरी स्वेटर. जाताना गाडीवर गुद्दा मारला. मॅडम, मी ओळखते त्याला. कॉलेजात होता.’

हा तर मी. आधी लाज वाटली, मग, खरं सांगतो, बरंच वाटलं. दुसरा कुणी नाहीच! तिच्या डोक्यात मीच आहे. पण पंधरा दिवस? मी तर रविवारपर्यंत सटाण्यात कांद्याच्या चाळीत होतो. घाबरलेलं माणूस दिवस वाढवून सांगतं, दुसरं काय.

बाईंनी जोर देऊन लिहिलं: त्याच्याशी बोलू नका, दार उघडू नका, काकांना घेऊन पोलीस चौकीत जा.

मी हे पाठवलं नाही. मी टाईप केलं: तो मनाने वाईट नसावा. गुरुवारी संक्रांत आहे. तिळगूळ घेऊन आलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत. त्याला घरात घ्या, ऐकून घ्या.

गुरुवारी मी जाणार. तोवर त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही. शपथ.

१२ जानेवारी, सोमवार
‘शनिवारी आला. रविवारी पण. काल हात हलवला.’

शनिवारी मी संध्याकाळभर बाईंसमोर बसून होतो. रविवारी स्वेटर धुऊन दोरीवर टाकला होता, निथळत होता. मी इथे होतो. मग ती बघत कुणाकडे होती?

कुणीतरी माझं तोंड लावून तिच्यासमोर उभं राहतंय आणि ती त्याला बघतेय. मी शपथ पाळत बसलोय, आणि तो बघून घेतोय!

आईला फोन केला. विचारलं, मला जुळा भाऊ होता का. ती म्हणाली, तुन्हं डोकं ठिकाणावर शे का?

१३ जानेवारी, मंगळवार
शपथ मोडली. पावणेसहाला पोचलो. इस्त्रीवाल्या सावळीरामला विचारलं, इथे कोण उभं राहतं? तो हसायलाच लागला. म्हणाला, काय भाऊ, माझी फिरकी घेता का? आत्ता तर गेलात, दहा मिनिटं नाही झाली. किती फेऱ्या मारणार? त्यापेक्षा लगीन लावून टाका ना!

मी म्हटलं, तो मी नव्हतो. त्याने मला खालून वर बघितलं. हसणं थांबलं. म्हणाला, हां, त्यांना घाम येत नाही. तुम्हाला येतोय.

१४ जानेवारी, बुधवार
‘मॅडम, काल तो फाटकातून बोलला. राजूला मारल्याची माफी मागितली. म्हणाला, त्या वहीत माझ्यासाठी एक पान तरी असतं तर मी शांत बसलो असतो. पहिल्यांदाच भीती कमी वाटली. उद्या अकराला तिळगूळ घेऊन येणार आहे. तुम्ही म्हणालात तसं मी दार उघडेन.’

हे वाक्य माझं आहे. वर्षभर मनात घोळवलेलं. कुणाला सांगितलेलं नाही, डायरीतही नाही.

बाईंना सांगावं? टाईप केलं: तो मी नाही, दार उघडू नका. बोट बटणावर होतं. पण मग ती मलाही उघडणार नाही. कधीच. आणि माझ्या वाक्यावर ती विरघळली— त्याच्या तोंडून— मी पुसून टाकलं. त्याच्या आधी पोचेन. साडेदहालाच.

१५ जानेवारी
स्वेटर दोरीवर नाही.

बाई बहिणीकडे गेल्यात. नऊपासून लाईन लागत नाही— आता लागली. लिहिलं, दार उघडू नका, दार उघडू नका. पाठवलं. उत्तर लगेच—

‘लवकर आला मॅडम. बसलाय. गोड बोलतो. फक्त हात फार गार आहेत.’

धावतोय—

गल्लीत. हे फाटकापाशी लिहितोय, पोलिसांना दाखवायला. घरात दोघंच असावीत, काकांची स्कूटर नाही, तिच्या आईच्या चपलाही दारात नाहीत. सावळीरामला हाक मारतोय, तो मान वर करत नाही. त्याच्या खांद्याला धरलं. त्याने गार वारा लागल्यासारखा शहारून मफलर गुंडाळला, बस्स.

मला घाम येत नाहीये. एवढा धावलो तरी—

खिडकीत ती. मला बघितलं! सरिता, आत आहे तो मी नाही— ती किंचाळतेय, माझ्याकडे बोट दाखवून, आणि वळून त्याला बिलगली. त्याला. माझ्या स्वेटरला.

तो बघतोय. माझ्या डोळ्यांनी. हसतोय. एका हाताने खिडकी ओढून घेतोय, आणि दुसरा हात तिच्या मानेवर— सरिता, त्याचा हात—