वरच्या मजल्यावरचा झाडू

गोपिंगन, मंगळवार

वडील वन्सं इर्मगार्ड यांना धाकट्या वहिनीचा, वालबुर्गाचा, वाकून नमस्कार.

इकडे माझे गुडघे सोडून सगळे खुशाल. तिकडच्या गरम पाण्याच्या झऱ्यांनी तुमची कंबर सैल झाली असेल. स्वभावाला आणखी दोन आठवडे लागतील, तेव्हा सावकाश या. अक्षर पोस्टमन कुनोचं आहे. (दर वाक्य मी परत वाचून घेते. आत्ताच त्याने 'स्वभाव' गाळला होता.) जिना झाडायच्या पाळीतला तुमचा आठवडा मी पार पाडला, कोपऱ्यांसकट.

पत्रास कारण आपली नात मारेन. तिने बँकेतली नोकरी सोडून तिघांचा बँड काढला आणि तो तुमच्या पायांखाली, माझ्या स्वयंपाकघरात वाजतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. गाणी आपल्याच भाषेतली, हीच पंचाईत. इंग्रजी असती तर कळत नाही म्हणून सुटले असते. इथे शब्द न् शब्द कळतो. एका गाण्यात डावा हातमोजा बसथांब्यावर राहिला. बरं, मग? मग काही नाही. "सापडला का गं शेवटी?" विचारलं तर म्हणते, "आजी, तोच तर मुद्दा आहे." कुठला, ते सांगत नाही.

त्या तिघांना एकत्र वेळ मिळतो तो दुपारी एक ते तीन, आणि तेव्हा घरात आवाज करायचा नाही हा आपला नियम. म्हणून ढोलवाल्याने काठ्यांऐवजी भांडी घासायचे ब्रश घेतले, मारेन कुजबुजत गायला लागली, आणि तरी सूर चढलाच की वरून तुमच्या झाडूचा दांडा: ठक, ठक, ठक. पोरं श्वास धरून थांबायची, मग आणखी हळू वाजवायची. सीडीही तशीच निघाली. बँडचं नावच 'दुपारची शांतता'. पेपरात एका शहाण्याने लिहिलं की त्या थबकण्यात एका पिढीचं दुःख आहे. (कुनोने दोनदा वाचून दाखवलं. दोघांनाही कळलं नाही, मग आम्ही केक खाल्ला.) नऊ गावांत कार्यक्रम झाले, लोक तिकीट काढून येतात आणि उभ्या उभ्या उदास होतात.

तुम्ही गेलात आणि घात झाला. ढोलवाल्याने काठ्या काढल्या, मारेन ओरडायला लागली. रविवारी अग्निशमन दलाच्या जत्रेत ते वाजवत होते आणि लोक पाठ फिरवून बिअर पीत होते. घरी येऊन म्हणाली, "आजी, आमचं काय बिघडलं गं?" मला काय कळणार? बरं होतं तेव्हाही कळलं नव्हतं. शनिवारी दुपारी हॅम्बुर्गच्या सीडी कंपनीचा माणूस इथेच ऐकायला येतोय. जमलं नाही तर सोमवारी ती पुन्हा बँकेत.

असो. पोहत जा, विश्रांती घ्या.

वालबुर्गा

ता. क. शुक्रवारच्या गाडीने निघा. कंबर राहू दे.

आणखी एक. तुमच्या खोलीत जाऊन मीच दांडा आपटून पाहिला. खालून मारेन म्हणाली, "आजी, पडलीस का?" तो राग माझ्या हाताला येत नाही, वन्सं. त्याला चाळीस वर्षांचा रियाज लागतो.

आणि हे शेवटचं. सीडीत तुमचे ठोकेही आलेत. कार्यक्रमात ती जागा आली की सगळी माणसं बुटांनी तीन ठोके देतात, नऊच्या नऊ गावांत. हे कळलं तर तुम्ही खुशीत ठोकाल आणि सगळं फुकट जाईल, म्हणून हे पान शनिवारनंतर पोस्टात टाकायला कुनोला बजावलंय. आधीच हाती पडलं असेल तर तो विसरला. वाचलं नाही असं समजा आणि नेहमीसारखं चिडूनच ठोका.