विहिरीला कुणी नाव ठेवलं नाही

अण्णा, तुमची नात बंदूक चालवायला शिकायचं म्हणते, आणि घरात नुसतं रण माजलंय. छऱ्याची बंदूक आहे, नेमबाजीच्या खेळातली. तरी भाऊ फोनवर ओरडला, "अण्णांनी हे चालू दिलं असतं का गं?" नसतंच दिलं. हर्सूलच्या जेलवर तुम्ही आयुष्यभर खांद्याला रायफल लावून पहारा केलात, पण लहानपणी एका दिवाळीत भावाचं टिकल्यांचं पिस्तूल दिसल्यावर स्वयंपाकघरातच पायाखाली चेपलंत. "बंदूक खेळायची चीज नाय." आई भाकरी थापायची थांबली होती.

म्हणून मी आधी एकटीच जाऊन ते बंदूक शिकवणारं केंद्र बघून आले. शिकवणारी बाई भारी कडक. रिकामी बंदूकसुद्धा कुणाकडे वळू देत नाही. निशाणाचा कागद बदलायचा तर सगळ्यांनी बंदुका खाली ठेवून मागं सरायचं. एक पोरगा हसत हसत बंदुकीसकट वळला, तर त्याला सरळ बाकावर बसवलं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला आठवली ती देवगावची, आपल्या गावची विहीर.

लहानपणीचा मे महिना आहे. आम्ही पोरं काठावर, तरंगायला कमरेला वाळका भोपळा बांधलेला. मोठी माणसं लिंबाखाली पत्ते खेळताहेत. पाण्यात कोण, बाहेर कोण, कुणी बघत नाही. काकांच्या थोरल्यानं वरून सूर मारला, त्याचं डोकं पायरीवर आपटलं आणि तो वर आलाच नाही. पाण्यानं नेलं, म्हणाले सगळे. विहिरीला कुणी नाव ठेवलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्हीच मला तिच्यात ढकललंत. "भेव मोडाया पायजे, पोरी. काई व्हत नाय." मायेनंच केलंत, कळतं मला. तरी आज तुमचा राग येतो, अण्णा. बंदुकीला तुम्ही एवढे भ्यालात, त्यातलं थोडं पाण्यालाही भ्यायला हवं होतं.

लेकीला मी हो म्हटलं. भावालाही हे सगळं सांगणार होते. तोही त्या दिवशी काठावर होता. पण आता तो पोरांना गावी त्याच विहिरीवर पोहायला नेतोय आणि लेकीलाही जायचंय. तिथं मात्र मी नाही म्हणाले. का, म्हणून दोघांनी विचारलं. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच इथं खरं लिहिते. ऊन लागेल, एवढंच मी त्यांना सांगितलं.