ऑर्बीच्या ज्वारीची चव

मी, व्हर्लीना टॅकेट, कै. ऑर्बी टॅकेट यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार ग्रीन नदीकाठ, केंटकी, पूर्ण शुद्धीवर असताना व कुणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. गुडघे गेले आहेत. डोकं ठिकाणावर आहे.

१. राहते घर, जमीन व बँकेतील शिल्लक माझी मुलगी ट्वायला हिला मिळावी. स्वयंपाकघराचं दार दमट हवेत फुगतं. त्याला रंधा मारून घ्यावा, लाथा मारू नयेत.

२. दारू गाळायची तांब्याची भट्टी शेजारी क्लोव्हिस रेनफ्रो यांना द्यावी. बर्बन व्हिस्कीत मक्याच्या जोडीला सगळेजण राय हे गव्हासारखं धान्य घालतात, ऑर्बीने ज्वारी आणि ओट घातले, तेव्हा हेच म्हणाले होते, "अरे, हे कोंबड्यांचं खाद्य! पिऊन अंडी घालायची का आम्ही?" ऑर्बीच्या आजारपणात रोज येऊन बसलेही हेच.

३. गोदामातील पिंपांविषयी. पहिल्या पिंपातली दारू मुरेपर्यंत घशाच्या उपचारांनी ऑर्बीच्या जिभेची चव मेली होती. त्याने पेला माझ्यापुढे धरला.

"व्हर्ली, एक घोट घे. कशी झालीय सांग. काकवी कधी उतरवायची ते तूच चाखून सांगतेस ना?"

"दारूला शिवणार नाही अशी मी चर्चमध्ये शपथ घेतलीय, ऑर्बी. क्लोव्हिसला विचार."

क्लोव्हिस प्यायले. "छान आहे, गड्या."

"छान म्हणजे कशी?"

"म्हणजे... छान."

ऑर्बीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीचा पडदा सारखा करत राहिले. त्याच आठवड्यात तो गेला.

पुढे बरेच दिवस मी क्लोव्हिसशी बोलले नाही. त्यांचा काय दोष? त्यांना जेवढं कळलं तेवढं त्यांनी सांगितलं. राग माझा माझ्यावर होता.

दफनानंतर मी गोदामात जाऊन प्यायले. चव अशी: आधी काकवीच्या कढईची खरवड, करपायच्या बेतातली. मग ओटाचा सायीसारखा मऊपणा. मधेच हिरव्या अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा. रायचा झणका कुठेही नाही. घोट उतरल्यावर मागे राहतो तो सुक्या ज्वारीचा वास, कापणीच्या दिवसांत त्याच्या सदऱ्याला यायचा तो. एवढं सांगायला असा किती वेळ लागला असता?

४. ही पिंपं ट्वायलाने विकावीत. मात्र दुसऱ्या बर्बनमध्ये मिसळायला देऊ नयेत. ट्वायला, विकण्याआधी स्वतः चाख. शपथेचं मी देवाशी बघून घेईन.

५. आमच्या दफनभूमीत बायकोला नवऱ्याच्या डावीकडे ठेवतात. पास्टरसाहेब कुरकुरतील, त्यांना कुरकुरू द्यावं. ऑर्बीला डाव्या कानाने ऐकू येत नसे. मला त्याच्या उजवीकडे पुरावं.

वरील मजकूर मीच लिहिला, वाचला आणि खोडला नाही.

(सही) व्हर्लीना टॅकेट

आम्हा दोघांसमक्ष सही केली:
ड्युई स्कॅग्ज, टपालवाले
इमोजीन पार्डी, शिवणकाम

स्थळ: ग्रीन नदीकाठ, केंटकी
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९